जुन्या मराठी साहित्यातला माणूस आपल्याला ओळखीचा का वाटतो?

सीताबर्डीकर (धागाकर्ता)

नमस्कार. मनुष्यस्वभाव युगानुयुगे तोच राहतो, असे आपण सहज म्हणून जातो. त्याला पुरावा काय, असे मात्र सहसा कोणी विचारत नाही. सध्या मी लीळाचरित्र, म्हणजे महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या आठवणींचा ग्रंथ, क्रमाने वाचत आहे आणि या प्रश्नाविषयी माझे जे मत बनत चालले आहे, ते येथील जाणत्या मंडळींकडून तपासून घ्यावे अशी इच्छा आहे.

म्हाइंभटांनी हा ग्रंथ १२७८ च्या सुमारास रिद्धपूर येथे सिद्ध केला. त्याच्या छापील रूपाशी आपल्या नागपूरचा जवळचा संबंध आहे. ह. ना. नेने यांनी तो १९३६-३७ मध्ये येथून प्रसिद्ध केला आणि नागपूर विद्यापीठाचे माजी कुलगुरू वि. भि. कोलते यांनी संपादित केलेली आवृत्ती १९७८ मध्ये निघाली. चक्रधरस्वामी निघून गेल्यावर म्हाइंभटांनी स्वामींचे शिष्य नागदेवाचार्य यांच्या साहाय्याने, तसेच ज्यांच्यासमोर प्रसंग घडले होते त्यांना गाठून, आठवणी गोळा केल्या. स्वामींचा एकही शब्द किंवा एकही कृती हरवू नये, एवढाच त्यांचा हेतू होता. माणसे कशी असतात हे दाखवण्याचे त्यांच्या मनातही नव्हते, आणि माझ्या दृष्टीने या ग्रंथाचे मोल नेमके तेथे आहे. स्वामींचे बोलणे टिपायचे म्हणजे ते कोणाशी, कशावरून बोलले हेही टिपावे लागते. त्या ओघात भोवतालच्या माणसांचे रुसवे, हट्ट, मत्सर, अभिमान आणि माया आपोआप नोंदली गेली.

ग्रंथाच्या 'एकांक' या पहिल्या भागातील हरिपाळदेवाचा प्रसंग पाहा. गुजरातच्या प्रधानाचा हा मुलगा जुगारात हरतो. देणे चुकवायचे म्हणून तो घरी येऊन पत्नीकडे, कमळाइसांकडे, दागिने मागतो आणि त्या ते द्यायला साफ नकार देतात. तो अन्नावर रुसून बसतो. बातमी वडिलांपर्यंत पोहोचते आणि वडील ते देणे भागवून टाकतात. येथे प्रसंग संपायला हवा होता, परंतु तो संपत नाही. पैशांचा प्रश्न सुटल्यावरही नकाराचा सल मनात राहतो आणि त्यातून संसाराविषयी विरक्ती उपजते. पुढे हा तरुण रामयात्रेचे निमित्त सांगून घराबाहेर पडतो. ती यात्रा आपल्या रामटेकची. वाटेत रिद्धपुरास त्याला गुरू गोविंदप्रभू भेटतात आणि हरिपाळदेवाचा चक्रधर होतो.

हा प्रसंग मी अनेकदा वाचला. कर्ज फिटले तरी 'तिने नाही म्हटले' हे फिटत नाही, ही गोष्ट साडेसातशे वर्षांपूर्वी लिहिणाऱ्याने कोणतेही भाष्य न करता नोंदवली. माझ्या परिचयातील किमान दोन घरांत हेच घडलेले आहे. तेथे दागिन्यांच्या जागी फ्लॅटचे कागद होते, एवढाच फरक.

याउलट दासबोधाच्या दुसऱ्या दशकातील मूर्खलक्षणे घ्या. 'आपली आपण करी स्तुती । स्वदेशीं भोगी विपत्ति । सांगे वडिलांची कीर्ती । तो येक मूर्ख' हे वाचताना प्रत्येकाला कोणी ना कोणी आठवतोच. तरीही पुरावा म्हणून मी त्याला दुय्यम स्थान देईन. समर्थ तेथे उपदेश करीत आहेत. उपदेश करणारा दोषांची यादी करतो आणि अशा याद्या सर्व काळांत, सर्व भाषांत एकमेकींसारख्या असतात. त्यातही जेथे त्यांनी एखादी अगदी बारीक सवय पकडली आहे, तेथे मात्र मी थांबतो: 'आपण वाचीना कधीं । कोणास वाचावया नेदी । बांधोन ठेवी बंदीं । तो येक मूर्ख.' पोथी बासनात बांधून ठेवणारा, स्वतः न वाचणारा आणि दुसऱ्याला हात लावू न देणारा हा मनुष्य समर्थांनी प्रत्यक्ष पाहिला असला पाहिजे. तो कल्पनेतून येत नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे की, स्वभावाच्या सातत्याचा खरा पुरावा शोधायचा तर लेखकाचे लक्ष जेथे दुसरीकडे होते, तेथे शोधावा. आपणास काय वाटते? आणखी उदाहरणे असल्यास ती अवश्य द्यावीत.

वैनगंगा

विषय फार चांगला काढलात. मी शाळेत मराठी शिकवत असे, त्यामुळे यात थोडी भर घालते.

लेखकाचे लक्ष दुसरीकडे असताना जे निसटते ते खरे, हे मान्य आहे. परंतु श्रोत्यांचे लक्ष कोठे होते, हाही पुरावाच आहे, असे मला वाटते. नाथांचे भारूड घ्या. 'सत्वर पाव गे मला । भवानीआई रोडगा वाहीन तुला' म्हणणारी सून देवीकडे काय काय मागते ते पाहा. गावी गेलेला सासरा तिकडेच खपू दे, जाच करणाऱ्या सासूला लवकर उचल, फडफड बोलणारी जाऊ बोडकी होऊ दे, नणंदेच्या किरकिऱ्या पोराला खरूज होऊ दे; आणि अखेरीस 'एकाजनार्दनी सगळेचि जाऊं दे । एकटीच राहू दे मला'. त्याचा परमार्थ सर्वांना ठाऊक आहे. सासरा, सासू, दादला ही विकारांची व उपाधींची रूपके आहेत आणि 'एकटी' राहणे म्हणजे जिवाचे निःसंग होणे होय. परंतु हे रूपक समजण्याच्या आधी समोर बसलेल्या बायांना हसू फुटले पाहिजे, आणि ते हसू फुटण्यासाठी प्रत्येकीने कधी तरी, चूल फुंकता फुंकता, मनातल्या मनात असले काही मागितलेले असले पाहिजे. ज्यांच्या घरात हे घडत नाही, अशा श्रोत्यांसमोर हे भारूड उभेच राहिले नसते.

नाथ १५९९ मध्ये गेले. आजही विदर्भातल्या कोणत्याही गावात सप्ताहामध्ये हे भारूड लागले की नणंदेच्या पोराच्या खरजेवर बायका पदर तोंडाला लावून हसतात. मी गोंदियाकडच्या एका गावात हे पाहिले आहे. माझ्या शेजारी बसलेल्या आजी हसता हसता एकदम गप्प झाल्या आणि 'दादला मारून आहुती देईन' या चरणाला त्यांनी हात जोडले. ते हात देवीला जोडले होते की त्या चरणाला, हे मी त्यांना विचारू शकले नाही.

नामदेवांच्या गाथेत त्यांची आई गोणाई आणि पत्नी राजाई यांच्या तोंडचे अभंग आहेत, त्यांचीही आठवण होते. हा भाग कोणाच्या हातचा व कोणत्या काळचा, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. तरीही मुलाने शिवणकाम सोडून देवळात बसावे याचे दुःख झालेली आई देवाशीच भांडते, माझा मुलगा तू नेलास असे त्याला सुनावते, हे ज्याने कोणी रचले त्याला आई कळली होती.

धंतोलीकर

मी वकिली करतो आणि माझ्याकडे येणारे बहुतेक दावे कौटुंबिक असतात. कमळाइसांच्या नकाराविषयी एक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण वरच्या मांडणीत ती सुटली आहे.

याज्ञवल्क्यस्मृतीत एक प्रसिद्ध श्लोक आहे: 'दुर्भिक्षे धर्मकार्ये च व्याधौ संप्रतिरोधके । गृहीतं स्त्रीधनं भर्ता न स्त्रियै दातुमर्हति.' पतीने दुष्काळात, धर्मकार्यासाठी, आजारपणात किंवा बंदिवासात सापडला असता पत्नीचे स्त्रीधन घेतले, तर ते परत करण्याचे बंधन त्याच्यावर नाही, असा त्याचा अर्थ आहे. या स्मृतीवरची मिताक्षरा ही टीका विज्ञानेश्वराने कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात, सहाव्या विक्रमादित्याच्या काळी लिहिली. म्हणजे लीळाचरित्राच्या दीड-दोनशे वर्षे आधी. या चार कारणांत जुगार नाही. त्यामुळे कमळाइसांचा नकार हा केवळ एका बायकोचा हट्ट किंवा लोभ मानता येत नाही. ज्या काळात त्या राहत होत्या, त्या काळाच्या शास्त्रानेही त्यांना तो नकार देण्याची जागा ठेवलेली होती.

हे अशासाठी सांगतो की, 'स्वभाव' म्हणून आपण जे वाचतो त्यात कितीदा तरी हक्काचा प्रश्न दडलेला असतो. पती मागतो आणि पत्नी नाकारते. पतीला तो अपमान वाटतो. मागणाऱ्याला अपमान का वाटला, याचे उत्तर स्वभावात असेल; परंतु नाकारणारीला नाकारता आले, याचे उत्तर व्यवस्थेत आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये प्रतिभा राणी विरुद्ध सूरज कुमार या निकालात स्त्रीधन ही पत्नीची संपूर्ण मालकीची मालमत्ता असल्याचे स्पष्ट केले. त्यानंतरही माझ्यासमोर बसणारे पुरुष पहिले वाक्य हेच बोलतात की, साहेब, पैशांचे काही नाही, पण तिने नाही म्हटले. म्हणून सीताबर्डीकरांचे निरीक्षण मला बिनचूक वाटते. फक्त ते निम्मे आहे. निरीक्षण हरिपाळदेवाविषयी झाले, कमळाइसांविषयी व्हायचे राहिले.

सीताबर्डीकर

धंतोलीकर, हा श्लोक येथे आणल्याबद्दल मनापासून आभार. कमळाइसांच्या बाजूने तो प्रसंग पुन्हा वाचला असता एक गोष्ट ठळकपणे जाणवते: पुढे चक्रधरस्वामींची ज्यांनी ईश्वर म्हणून उपासना केली, त्यांच्याच ग्रंथात त्यांना 'नाही' म्हणणाऱ्या स्त्रीचा नकार जशाचा तसा राखला गेला आहे. भक्ताने तो गाळला असता तर त्याला कोणी विचारणारे नव्हते.

उत्तर नागपूर

चर्चा वाचली. सर्वांच्या अभ्यासाविषयी आदर राखून माझा विरोध नोंदवतो, आणि तो मनापासून आहे.

'मनुष्यस्वभाव बदलत नाही' हे वाक्य ज्यांनी सोसले त्यांना ऐकवले जाते, तेव्हा त्याचा अर्थ 'तुम्ही सोसत राहा' असा होतो. चोखोबांचा अभंग आहे: 'धांव घाली विठू आतां चालूं नको मंद । बडवे मज मारिती ऐसा कांहीतरी अपराध.' विठोबाच्या गळ्यातला हार तुझ्याकडे कसा आला, असे विचारत त्यांना मारले गेले, ही त्या अभंगाची हकीकत. हे कोणता स्वभाव म्हणून वाचायचे? बडव्यांचा क्रूरपणा म्हणून? तसे वाचले तर आपण म्हणू की, क्रूर माणसे तेव्हाही होती आणि आजही आहेत, आणि पान उलटू. परंतु मारणारे हात स्वभावाने क्रूर होते की नव्हते, याने काही फरक पडत नव्हता. घरी अत्यंत मायाळू असलेल्या माणसानेही त्या जागी उभे राहिल्यावर तेच केले असते, कारण त्याला ते कर्तव्य म्हणून शिकवलेले होते.

चोखोबा १३३८ मध्ये मंगळवेढ्यास वेस बांधण्याच्या वेठीवर असताना भिंत कोसळून गेले. त्यांची समाधी पंढरपूरच्या महाद्वाराशी, म्हणजे देवळाच्या बाहेर आहे. ते देऊळ अस्पृश्यांसाठी उघडले, ते साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये उपोषण केल्यानंतर. सहाशे वर्षे जे 'लोकांच्या मनात रुजलेले' म्हणून सांगितले जात होते, ते दार काही दिवसांच्या उपोषणानंतर उघडता आले. मग ते मनात रुजलेले होते की दाराला लावलेले कुलूप होते, याचा विचार व्हावा.

बाबासाहेबांनी १९४८ मध्ये अस्पृश्यांच्या मूळाविषयीचा आपला ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तीन संतांच्या स्मृतीस अर्पण केला. त्यानंतर आठ वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, आपल्या याच शहरात लाखो माणसांनी एका सकाळी जुने सर्व सोडले. माझे आजोबा त्यांत होते. त्यांनी घरातले देव नदीत सोडले आणि त्यानंतर आयुष्यभर कोणासमोर वाकून बोलले नाहीत, असे माझी आजी सांगत असे. ज्यांनी हे जवळून पाहिले, त्यांना स्वभाव अचल असतो हे पटवणे कठीण आहे.

तरीही एक कबूल करतो, कारण ते न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. चोखोबांचा मुलगा कर्ममेळा याचा अभंग मी जेव्हा जेव्हा वाचतो, तेव्हा तो सातशे वर्षांपूर्वीचा वाटत नाही: 'आमुची केली हीन याति । तुज कां न कळे श्रीपती ॥ जन्म गेला उष्टें खातां । लाज न ये तुमचे चित्ता.' वडील विनवणी करतात आणि मुलगा देवालाच लाज काढून विचारतो. एका घरातल्या दोन पिढ्यांमधले हे अंतर मी माझ्या घरात पाहिले आहे. तेव्हा ओळख मलाही पटते. परंतु ती पटते रागाची, आणि राग हा बदल मागणारा असतो.

इतवारी

आमचा धान्याचा व्यापार आहे आणि घरात पिढ्यान्‌पिढ्या हिंदी व मराठी दोन्ही वाचले जाते, म्हणून एक हिंदी उदाहरण देतो. बनारसीदास या जैन व्यापाऱ्याने १६४१ मध्ये 'अर्धकथानक' नावाचे पद्यमय आत्मचरित्र लिहिले. सहाशे पंचाहत्तर पद्यांच्या या छोट्या पुस्तकात लेखक स्वतःविषयीच लिहीत असल्याने सीताबर्डीकरांची कसोटी त्याला पूर्णपणे लागू होणार नाही. पण लिहिणारा व्यापारी आहे, आणि जे घडले त्याचा हिशेब मांडल्यासारखे त्याने लिहिले आहे.

१६०५ मध्ये अकबर बादशहाच्या मृत्यूची बातमी जौनपूरला पोहोचली, तो प्रसंग मी मुद्दाम सविस्तर सांगतो. बनारसीदास घराच्या जिन्यावर बसला होता. बातमी ऐकताच तो खाली कोसळला, कपाळ फुटून रक्त वाहू लागले, आणि आईने कापड जाळून त्याची राख जखमेत भरली. बाहेर शहरात एकच धावपळ उडाली. घरांची दारे बंद झाली, दुकानदार दुकानात बसेनासे झाले. लोकांनी चांगली वस्त्रे आणि दागिने जमिनीत पुरले, रोकड ठिकठिकाणी लपवली, घरोघरी शस्त्रे घेतली गेली. श्रीमंतांनीही जाडीभरडी वस्त्रे व कांबळी पांघरली, त्यामुळे श्रीमंत कोण आणि गरीब कोण हे ओळखू येईना. आणि मग बनारसीदास लिहितो की, चोर किंवा दरोडेखोर कोठेच दिसत नव्हते. लोक आपल्याच भीतीने भ्यालेले होते. दहा दिवसांनी आग्र्याहून पत्र आले, जहांगीर गादीवर बसल्याचे कळले आणि बाजार पुन्हा उघडला.

मार्च २०२० मध्ये मी माझ्या दुकानात होतो. एरवी पाच किलो तांदूळ नेणारी घरे पन्नास किलोचे कट्टे मागत होती, आणि माझ्या गोदामात माल भरपूर आहे असे मी सांगितले की, त्यांची घाई आणखी वाढत होती. घाबरलेल्या माणसाला 'माल आहे' हे ऐकू येते, ते 'आता आहे' असे. जौनपूरचे ते वर्णन मी त्यानंतरच्या पावसाळ्यात वाचले आणि मला कोणतीही टीप लागली नाही.

उत्तर नागपूर यांच्या म्हणण्याचा मी विचार केला. भीती हा निसर्ग आहे, असे मी म्हणेन. तिला उत्तर देणारी पत्रव्यवस्था, बाजार, शासन या गोष्टी माणसे घडवतात आणि बदलतातही. त्यामुळे आपल्या दोघांत भांडण असलेच तर ते थोडेच आहे.

त्याच पुस्तकातील आणखी एक व्यक्ती मला फार आवडते. व्यापारात बुडालेला बनारसीदास आग्र्यात एका कचोरीवाल्याकडे उधारीवर खात असतो. एके दिवशी तो स्वतःच एकांतात सांगतो की, आता मला उधार देऊ नकोस, माझ्याकडे काही नाही, तू पैसे कोठून घेशील? कचोरीवाला म्हणतो, वीस रुपयांपर्यंत खुशाल खा, तुला कोणी काही म्हणणार नाही. सहा-सात महिने हे चालले. पुढे हिशेब चौदा रुपयांचा निघाला आणि तो बनारसीदासाने चुकता केला. स्वभाव म्हटले की आपण लोभ, मत्सर, अभिमान यांचीच उदाहरणे काढतो. वरच्या प्रतिसादांतही बहुधा तसेच झाले आहे. हा कचोरीवाला माणसाच्या स्वभावाचाच भाग आहे, आणि असे लोक व्यापारात आजही भेटतात, हे मी पेढीवर बसून सांगू शकतो.

जुनी पोथी

मी महानुभाव परंपरेतल्या घरातला आहे. सर्वांनी आदराने लिहिले, याचे समाधान वाटले. दोन गोष्टी मांडतो.

पहिली गोष्ट वाचण्याच्या पद्धतीविषयी आहे. हरिपाळदेवाने दागिने मागितले, हे आपण सर्वांनी ओळखीचे म्हणून उचलले. त्याच कथेत त्याच्या थोडे आधी काय आहे? तरुण हरिपाळदेवाचे निधन होते, त्याला स्मशानात नेले जाते, तिकडे द्वारावतीला (द्वारकेला) परंपरेने अवतार मानलेले चांगदेव राऊळ आपला देह सोडतात आणि या देहाचा स्वीकार करतात. देह उठून बसतो आणि घरी येतो. म्हणजे कमळाइसांसमोर हात पसरणारा पुरुष स्मशानातून परत आलेला आहे. ग्रंथ लिहिणाऱ्यांना व ऐकणाऱ्यांना ही दोन्ही वृत्ते सारखीच खरी होती आणि एकाच सुरात ती सांगितलेली आहेत. आजचा वाचक पहिल्याला श्रद्धा किंवा दंतकथा म्हणून बाजूला ठेवतो व दुसऱ्याला मनुष्यस्वभाव म्हणतो. जे आपल्याला परिचित आहे तेवढे वेचून घेतले आणि मग 'पाहा, सर्व परिचितच आहे' असे म्हटले, तर तो पुरावा राहत नाही. त्या माणसांच्या मनाचा जो भाग आपल्याला परका आहे, तो त्यांच्यासाठी परिघावरचा नव्हता; त्यांच्या जगण्याचा तो मध्य होता.

दुसरी गोष्ट स्मरणाविषयी. मूळ लीळाचरित्राची पोथी खलजी सैन्याच्या धामधुमीत गेली, आणि नंतर परंपरेतल्या निरनिराळ्या मंडळींनी पाठांतरातून ते पुन्हा सिद्ध केले. त्यामुळे पोथ्यांत ठिकठिकाणी 'तथा' आणि 'वासना' अशा खुणा करून वेगळे पाठ दिलेले आढळतात: अमक्याच्या मते हे असे घडले, तमकीच्या मते तसे. आपल्या गुरूचे शब्द हेच ज्यांचे सर्वस्व होते, त्यांनाही एकच प्रसंग वेगवेगळा आठवत होता. आणि त्यांनी कोणा एकाचे खरे धरून बाकीच्यांचे पुसून टाकले नाही. जोडीने लिहून ठेवले. स्मरण निसटते, हा मनुष्यस्वभाव झाला. निसटणाऱ्या स्मरणाशी इतके प्रामाणिक राहणे हा मात्र त्या माणसांचा विशेष आहे, आणि तो सर्व काळांत आढळतो असे मला वाटत नाही.

सीताबर्डीकर

'जुनी पोथी' यांचा आक्षेप मी मोलाचा मानतो. त्यावर माझे एवढेच म्हणणे आहे की, निवड करणारे आपण एकटे नाही. वैनगंगाताईंनी सांगितलेले भारूड चारशे वर्षे लोकांनी स्वतः निवडून टिकवले आहे आणि त्या काळातले कितीतरी काव्य त्यांनी सोडूनही दिले. मधल्या प्रत्येक पिढीला ते ओळखीचे वाटले, ही साक्ष आजच्या एका वाचकाच्या पसंतीपेक्षा अधिक वजनाची आहे.

परंतु स्मशानातून परतलेल्या पुरुषाला पत्नीने दागिने नाकारले, हा संपूर्ण प्रसंग एकत्र ठेवून वाचला, तर माझ्या मूळ विधानाला वेगळा आकार द्यावा लागतो, हेही दिसते. ज्यांना देह बदलता येतो अशा महापुरुषाच्या कथेतही नकाराचा सल तसाच राहतो. कथेतले अलौकिक त्या सलाला पुसू शकले नाही, किंवा लिहिणाऱ्यांनी ते पुसू दिले नाही. ओळखीचे आणि परके यांना वेगळे करून ओळखीचे तेवढे उचलण्यापेक्षा ती दोन्ही एका श्वासात कशी सांगितली जातात, हे पाहणे अधिक फलदायी ठरेल. इतवारी यांच्या कचोरीवाल्याविषयी तर मी दिवसभर विचार करीत आहे. दोषच ठळक दिसावेत अशी आपल्या वाचनाची सवय झाली आहे खरी.

उत्तर नागपूर, आपल्या आजोबांविषयी आपण लिहिलेत, त्याबद्दल कृतज्ञ आहे. कर्ममेळ्याचा राग आणि चोखोबांची विनवणी यांतील कोणतीही एक 'स्वाभाविक' आणि दुसरी 'घडवलेली' असे मला म्हणता येत नाही.

उत्तर नागपूर

आपण तसे म्हणू नये, हेच माझे म्हणणे होते. एवढे मान्य झाले तर माझा विरोध पुष्कळसा मावळतो. फक्त एक विनंती आहे: यापुढे कोणी 'लोकांचा स्वभाव' असे लिहिले तर त्या प्रसंगात कोणाच्या हातात काय होते, कोणाला नाही म्हणता येत होते आणि कोणाला येत नव्हते, हे आधी पाहावे. धंतोलीकरांनी कमळाइसांच्या बाबतीत ते करून दाखवले आहे.

वैनगंगा

याच कसोटीवर मी तुकोबांच्या घराकडे पाहिले आणि जे दिसले ते लिहिते.

तुकोबांच्या दुसऱ्या पत्नीला, जिजाईला, आपण कजाग ठरवून मोकळे झालो आहोत. कीर्तनांतून, चित्रांतून, पाठ्यपुस्तकांतून ती तशीच आली; मी स्वतः वर्गात तशीच शिकवलेली ऐकली आहे. तिच्या तोंडचे अभंग तुकोबांनीच लिहिले आहेत: 'कोण घरा येतें आमुच्या काशाला । काय ज्याचा त्याला नाहीं धंदा', किंवा 'गोणी आली घरा । दाणे खाऊं नेदी पोरां'. घरात धान्याची गोणी आली तरी हा माझ्या मुलांना दाणे खाऊ देत नाही, लोकांच्या पदरात घालतो, अशी तिची तक्रार आहे. शेवटच्या चरणात तुकोबा तिलाच बोल लावतात, परंतु तिचे म्हणणे त्यांनी गाळलेले नाही.

आता तुकोबांचाच दुसरा अभंग शेजारी ठेवावा: 'दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली.' हा १६३० च्या आसपासचा मोठा दुष्काळ. त्यात त्यांची पहिली पत्नी उपासमारीने गेली, मूलही गेले. जिजाई त्याच घरात होती. एक बाई 'अन्न अन्न' करीत मेलेली तिने पाहिली होती आणि तिच्या पदरात मुले होती. दारातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक ओंजळीकडे ती ज्या नजरेने पाहत असेल, तिला कजागपणा म्हणण्याचे धैर्य मला आता होत नाही. इतवारीदादांच्या दुकानासमोर पन्नास किलोचा कट्टा मागणाऱ्या बायांत आणि तिच्यात भीती एकच आहे. परंतु त्यांच्या मागे भरलेले गोदाम होते, आणि जिजाईच्या मागे ती मेलेली सवत होती.